रीपॅक : ओव्हरऑइलिंगवरून नाव पडलेला उतार

डोंगराला किंवा रस्त्याला नाव कशावरून पडतं? कुणा देवाच्या देवळावरून, डोंगराच्या आकारावरून, नाहीतर एखाद्या राजाच्या नावावरून. पण सायकलच्या ओव्हरऑइलिंगवरून नाव पडलेला रस्ता तुम्ही कधी पाहिलाय? गेल्या मे महिन्यापर्यंत मीही पाहिला नव्हता.

तो रस्ता पाहायचा असेल तर तुम्हाला अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जावं लागेल. सॅन फ्रान्सिस्कोतून गोल्डन गेट पूल ओलांडा, म्हणजे तुम्ही मरिन काउंटीत शिरता. १०१ नंबरच्या हायवेने थोडं उत्तरेला जाऊन सर फ्रान्सिस ड्रेक बुलेव्हार्ड या रस्त्याला लागा. सॅन ॲन्सेल्मो हे टुमदार गाव मागे पडलं की येतं फेअरफॅक्स. छोटंसं गाव, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि रस्त्यावर मोटारींच्या बरोबरीने सायकली. याच गावाबाहेरच्या एका मातीच्या उताराला सगळे ‘रीपॅक’ म्हणतात.

माझी ही सहल सुरू झाली ती मात्र इथून सुमारे ११० किलोमीटर दक्षिणेला, सॅन होजेमधल्या एका गॅरेजमध्ये. तिथे माझी मावशी राहते. तिच्या गॅरेजच्या भिंतीवर एक लाल सायकल १६ वर्षं टांगलेली होती.

सायकल आणि मुलगी, दोघींचं वय सारखंच

काका, म्हणजे मावशीचे यजमान, १९९८ साली नोकरीसाठी इथे आले. पहिल्या काही पगारांतून त्यांनी ऑफिसातल्या एकाकडून ही सेकंडहँड माउंटन बाइक घेतली. दर रविवारी ती गाडीवर लादून मित्राबरोबर मरिनच्या डोंगरांत जायचं, हा त्यांचा नेम होता. पुढे मित्र भारतात परतला. मग माझी मावसबहीण जन्मली आणि सायकल भिंतीवर गेली.

“तिचं वय आणि सायकल टांगल्याची वर्षं अगदी सारखी आहेत,” मावशी हसत म्हणाली. “दोघींपैकी एकीचंच दूध-औषध वेळेवर झालं.”

माझी ही बहीण आता शाळेच्या माउंटन बाइक टीममध्ये आहे. हो, कॅलिफोर्नियातल्या शाळांमध्ये क्रिकेट-फुटबॉलसारखी डोंगरातल्या सायकलिंगचीही टीम असते, शाळा-शाळांच्या शर्यती होतात. काकांना ५० वर्षं पूर्ण होत होती. तिने ठरवलं होतं, बाबांच्या वाढदिवसाला बाबांचीच सायकल दुरुस्त करायची, तीही स्वतःच्या हातांनी. आणि त्या रविवारी ती सायकल घेऊन रीपॅक उतरायचं.

“ताई, तू मदत करशील ना?” तिने विचारलं.

मी बडोद्याची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला होता. दर जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आई माझी सायकल त्याच्याकडे ओव्हरऑइलिंगला टाकायची. परातीत रॉकेल, त्यात बुडवलेले छर्रे, हबमध्ये बोटाने भरलेलं पिवळं ग्रीस, हे सगळं मी स्टुलावर बसून पाहिलेलं. तेवढ्या अनुभवावर मी बिनधास्त “हो” म्हटलं.

रीपॅक म्हणजे काय?

कामाला लागण्याआधी काकांनी आम्हाला या नावाची गोष्ट सांगितली. तुम्हीही ती आधीच ऐका, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

१९७० च्या दशकात फेअरफॅक्स आणि आसपासची काही तरुण मुलं भंगारातून जुन्या सायकली शोधून आणायची. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, वीस किलोच्या आसपास वजनाच्या. त्यांना ती ‘क्लंकर’ म्हणायची, म्हणजे आपल्या भाषेत खटारा. पिकअप ट्रकमध्ये घालून हे खटारे डोंगरावर न्यायचे आणि वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून, म्हणजे फायर रोडवरून, सुसाट खाली यायचं.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी पाइन माउंटनवरच्या अशाच एका फायर रोडवर पहिली शर्यत झाली. अंतर जेमतेम सव्वातीन किलोमीटर, पण तेवढ्यात रस्ता सुमारे ४०० मीटर खाली उतरतो. या शर्यती भरवणारा चार्ली केली आणि त्यात उतरणारे गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावं पुढे जगभर गेली. गॅरी फिशरने हा उतार ४ मिनिटं २२ सेकंदांत पार केला होता, आणि तोच इथला विक्रम मानला जातो.

आता नावाकडे येऊ. या जुन्या सायकलींना उलटं पेडल मारल्यावर लागणारा ब्रेक असे, तो मागच्या चाकाच्या हबच्या आत. इतक्या तीव्र उतारावर सतत ब्रेक लावून हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून त्याचा धूर निघायचा. खाली पोहोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे, तेव्हा कुठे सायकल पुन्हा वापरण्याजोगी होई. इंग्रजीत असं ग्रीस पुन्हा भरण्याला ‘रीपॅक’ म्हणतात. आपला सायकलवाला ज्याला ओव्हरऑइलिंग म्हणतो, तेच हे. उताराला तेच नाव चिकटलं.

मला ही गोष्ट फार आवडली. वेगाच्या खेळाचं जन्मस्थान, पण नाव पडलं ते वेगावरून नाही, तर वेगानंतर कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीवरून.

चिमट्यात स्प्रिंग आली कुठून?

त्या पहिल्या खटाऱ्यांना सस्पेन्शन अजिबात नव्हतं. पुढचं चाक ज्यात बसतं तो भाग, म्हणजे आपल्या सायकल दुकानांतला ‘चिमटा’ आणि इंग्रजीतला ‘फोर्क’, तेव्हा नुसता लोखंडी असे. प्रत्येक दगडाचा दणका सरळ मनगटात.

मोटरसायकलला पुढे शॉकअप असतात, मग सायकलला का नकोत? मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने हा प्रश्न मनावर घेतला आणि स्टीव्ह सायमन्सच्या साथीने १९८९ साली रॉकशॉक्स ही कंपनी सुरू झाली. त्यांचा पहिला फोर्क होता आरएस-१. आत हवा आणि तेल, आणि दबण्याची मर्यादा जेमतेम ४८ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या दोन-तीन बोटांच्या जाडीएवढी. पण कोलोरॅडोतल्या दुरँगो इथे १९९० मध्ये माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, त्यात डाउनहिलचं विजेतेपद ग्रेग हर्बोल्डने हाच फोर्क वापरून जिंकलं. मग काय, सगळ्यांनाच शॉकअप हवे झाले.

त्याच काळात कोलोरॅडोतल्या मॅनिटू स्प्रिंग्ज गावात डग ब्रॅडबरी वेगळ्या वाटेने चालला होता. त्याने हवा-तेलाची भानगड टाळून नळ्यांमध्ये लवचीक रबरासारखे ठोकळे एकावर एक रचले. त्यांना म्हणतात इलास्टोमर. दाबले की चेपतात, सोडले की फुगतात. गळती नाही, हवा भरणं नाही. ठोकळे कडक किंवा मऊ बदलले की आपल्या वजनाला जुळवून घेता येतं. त्याच्या गावाचं नाव त्याच्या फोर्कला मिळालं आणि १९९० च्या दशकात अनेक कंपन्यांनी इलास्टोमरचे फोर्क बाजारात आणले.

काकांच्या सायकलला त्याच पिढीतला फोर्क होता. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण पुढे जे दिसलं त्यात कंपनीचा दोष नाही. दोष १६ वर्षांचा.

नळीतून निघाला काकवीसारखा चिकटा

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. मावशीची एकच अट होती, “स्वयंपाकघरातली एकही परात गॅरेजमध्ये जाणार नाही.” मग आइस्क्रीमचे रिकामे डबे, जुने टूथब्रश, काकांचे जुने बनियन आणि कबाबच्या बांबूच्या काड्या एवढ्या साहित्यावर आम्ही बसलो.

आधी मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचे फोटो. हा काकांचा आग्रह. “उघडताना सगळं लक्षात राहील असं वाटतं, जोडताना कुणालाच काही आठवत नाही.”

फोर्कच्या दोन्ही पायांवरची झाकणं बहिणीने पान्याने सैल केली. नियमाप्रमाणे झाकणाबरोबर एका दांडीवर ओवलेले रंगीत ठोकळे बाहेर यायला हवे होते. बाहेर आली नुसती दांडी, आणि तिच्यावर गडद तपकिरी रंगाचा, काकवीसारखा चिकट थर. दुसऱ्या पायातून निघाला भुगा. दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरतो ना चिवड्याचा, तसा.

“पण ही सायकल तर १६ वर्षं वापरलीच नाही!” मी म्हटलं.

तुमच्याकडेही हे घडलं असेल. लग्नासाठी घेतलेले महागडे बूट तुम्ही कपाटात जपून ठेवता. चार-पाच वर्षांनी घालायला काढता आणि दहा पावलांत सोलचा भुगा पडतो. तिथेही कारण तेच. अशा सोलमध्ये आणि बऱ्याच इलास्टोमरमध्ये पॉलीयुरेथेन असतं. हवेतली आर्द्रता हळूहळू त्याचे रासायनिक बंध तोडत राहते. वापरा किंवा नका वापरू, ते चालूच असतं.

काका त्या चिकट दांडीकडे बघत म्हणाले, “वापरून वस्तू झिजते हे माहीत होतं. न वापरताही ती सडते, हे आज पाहिलं.”

पुढचे दोन तास आमचे नळ्या साफ करण्यात गेले. बांबूच्या काडीला बनियनची चिंधी गुंडाळायची, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची आणि नळीत फिरवायची. स्क्रू ड्रायव्हर घालून खरवडायचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. वरच्या गुळगुळीत नळ्या, ज्यांना स्टँशन म्हणतात, त्या खालच्या जाड नळ्यांमध्ये सरकतात. स्टँशनच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एक बारीक ओरखडा पडला तरी तो प्रत्येक हेलकाव्याला रबरी सील कापत जातो. मग त्यातून धूळ आत शिरते आणि उरलेलं काम ती धूळ करते.

खालचे बोल्ट लांब ॲलन कीने काढल्यावर दोन्ही नळ्या वेगळ्या झाल्या. आत बुशिंग असतात, म्हणजे नळी सरळ सरकावी म्हणून बसवलेल्या पातळ कड्या. त्या शाबूत होत्या. एका पायात तेलाची छोटी बंद नळी होती. तिचं नाव डॅम्पर. स्प्रिंग किंवा रबर नुसतं उसळतं, त्या उसळण्याला आवर घालायचं काम डॅम्परचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून जाताना वेळ घेतं, म्हणून चाक एकदम फेकलं जात नाही. आमच्या डॅम्परमधलं तेल काळं पडलं होतं आणि निम्मं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

नवे ठोकळे कुठून आणायचे? इतक्या जुन्या फोर्कचे भाग मोठ्या कंपन्या कधीच बनवायच्या थांबल्या आहेत. पण अमेरिकेत अजूनही असे छोटे व्यावसायिक आहेत जे जुन्या फोर्कसाठी इलास्टोमर आणि सील तयार करून विकतात. बहिणीने व्हर्नियर कॅलिपरने नळीचा आतला व्यास आणि दांडीची लांबी मोजली आणि ऑर्डर दिली. पाच दिवसांत पाकीट आलं. नवे ठोकळे, नवे सील, डॅम्परसाठी पातळ तेल. ग्रीसही सील आणि रबराला चालेल असंच निवडावं लागतं, कोणतंही नाही. गंमत म्हणजे १९९० च्या दशकात रॉकशॉक्स आपल्या जूडी नावाच्या फोर्कसाठी जे ग्रीस विकत असे त्याचं नावच ‘जूडी बटर’ होतं. मावशी म्हणाली, “तरीच हे दोघं बोटांनी इतकं प्रेमाने लावतायत.”

शुक्रवारी रात्री फोर्क जोडून तयार झाला. बहिणीने दोन्ही हातांनी दाबला. फस्सss असा हलका आवाज करत तो खाली गेला आणि सावकाश वर आला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू! काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तीनदा दाबून पाहिला.

एक काळी रेघ

आणि मग ती रेघ दिसली.

शेवटचा हात म्हणून मी पांढऱ्या कपड्याने फोर्कचा माथा पुसत होते. दोन्ही पाय वर जिथे एकत्र येतात त्या भागाला क्राउन म्हणतात, आणि त्यातून वर निघणारी नळी हँडलला जोडलेली असते. ही नळी क्राउनमध्ये दाबून बसवलेली असते. त्या सांध्याशी कपड्याचा एक धागा अडकला. टॉर्च लावून पाहिलं तर केसाएवढी काळी रेघ. रंगाचा पापुद्रा? की तडा?

बहीण म्हणाली, “बाबा, तो रंग आहे. शंभर टक्के.”

शनिवारी सकाळी आम्ही फोर्क घेऊन ओळखीच्या एका सायकल मेकॅनिककडे गेलो. सत्तरीतले गृहस्थ, जुन्या सायकलींचे जाणकार. त्यांनी भिंग लावून पाहिलं, रेघेवर लाल रंगाचं औषध लावलं, पुसलं, वर पांढरा फवारा मारला. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. अंधुक लाल रेघ उमटली. पण ती सांध्याच्या अगदी काठावर होती.

“दोन भाग जिथे दाबून बसवलेत तिथल्या फटीतही रंग शिरतो,” ते म्हणाले. “हा तडा आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. नाही असंही सांगू शकत नाही.”

“मग?” काकांनी विचारलं.

“मग तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. सील खराब असेल तर तेल गळतं. रबर खराब असेल तर हात दुखतात. पण क्राउन तुटला तर पुढचं चाक सायकल सोडून निघून जातं. मी माझ्या मुलीला यावर बसवणार नाही.”

गाडीत कुणी बोललं नाही. आठवडाभराची मेहनत, आलेले पार्ट, दोन मुलींची ग्रीसने काळी झालेली नखं, सगळं त्या केसाएवढ्या रेघेवर अडलं होतं. घरी आल्यावर बहीण चिडली. “इतकी वर्षं नाही तुटला, मग उद्याच तुटेल का?”

काका तिच्याजवळ बसले. म्हणाले, “इतकी वर्षं आपण उघडून पाहिलंच नव्हतं. आता पाहिलंय. पाहिल्यावर न पाहिल्यासारखं करता येत नाही.”

मला वाटतं, या संपूर्ण सहलीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. दुरुस्ती म्हणजे वस्तू पुन्हा चालू करणं, असं आपण धरून चालतो. पण उघडून, पुसून, मोजून आपल्याला आधी कळते ती तिची खरी अवस्था. कधी उत्तर ‘चालेल’ असं येतं, कधी ‘आता नको’.

मग उपाय त्या मेकॅनिककाकांनीच फोनवर सुचवला. त्यांच्याकडे सस्पेन्शन नसलेला एक साधा स्टीलचा चिमटा होता, काकांच्या सायकलला बसेल असा. “रीपॅकवर पहिली माणसं उतरली ती अशाच चिमट्यावर. फक्त हळू उतरा,” ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत तो बसवून झाला.

रविवारी फेअरफॅक्स

तर आता परत त्या पुलाकडे या. रविवारी सकाळी गोल्डन गेटवर इतकं धुकं होतं की पुलाचे लाल मनोरे अर्धेच दिसत होते. पलीकडे मरिनमध्ये मात्र स्वच्छ ऊन. मे महिन्यात इथले डोंगर हिरव्याकडून सोनेरीकडे झुकत असतात, आणि रस्त्याच्या कडेला केशरी पॉपीची फुलं दिसतात.

काका आणि बहिणीला आम्ही बोलिनास-फेअरफॅक्स रस्त्यावर पाइन माउंटनच्या पायवाटेपाशी सोडलं. तिथून फायर रोडने चढत ते रीपॅकच्या माथ्यावर जाणार होते. बहीण तिच्या नव्या सायकलवर, काका आपल्या जुन्या. मी आणि मावशी फिरून कॅस्केड ड्राइव्ह या गल्लीच्या टोकाला गेलो. तिथून ओढ्याकाठाने चालत रीपॅकच्या पायथ्याशी पोहोचता येतं. पाठीवर चहाचा थर्मास आणि डब्यात मेथीचे ठेपले. बडोद्याच्या मराठी घरात पोळीइतकाच ठेपला लागतो आणि मावशीने ती सवय सॅन होजेतही सोडलेली नाही.

एक गमतीची गोष्ट सांगते. जिथे एकेकाळी मुलं जीव मुठीत धरून सुसाट उतरली, तिथल्या फायर रोडवर आज सायकलींना ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. वळणावर आणि चालणारे लोक किंवा घोडे दिसले की ताशी ५ मैल. याच डोंगरांतल्या बऱ्याचशा अरुंद पायवाटांवर सायकलला मनाईच आहे.

पाऊण तासाने वळणावर लाल रंग दिसला. बहीण पुढे होती, तिचा फोर्क दगडांवरून लोणी कापल्यासारखा चालला होता. मागून काका. दोन्ही ब्रेक आवळलेले, कोपर वाकवलेले, दात घट्ट. थांबल्यावर त्यांना हँडलवरून बोटं सोडवायला थोडा वेळ लागला. ब्रेकच्या रबराचा करपट वास आला.

“हात?” मावशीने विचारलं.

“आहेत बहुतेक,” काका म्हणाले आणि इतके हसले की ठसका लागला.

दुपारी आम्ही गावातल्या मरिन म्युझियम ऑफ बायसिकलिंगमध्ये गेलो. २०१५ साली उघडलेलं हे छोटेखानी संग्रहालय तुम्ही चुकवू नका. एकोणिसाव्या शतकातल्या प्रचंड पुढच्या चाकाच्या सायकलींपासून इथल्या खटाऱ्यांपर्यंत सगळा प्रवास एका छताखाली आहे. १९८८ मध्ये कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट इथे सुरू झालेला ‘माउंटन बाइक हॉल ऑफ फेम’सुद्धा आता इथेच आहे. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी बनवलेली पहिली ‘ब्रीझर’ मात्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

इथल्या जुन्या सायकलींसमोर बहीण बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “ताई, या कुणी चालवत नाही म्हणून कुणाला वाईट वाटत नाही ना? मग आपला फोर्क पण भिंतीवर चालेल.”

तुम्ही जाणार असाल तर

संग्रहालय रोज उघडं नसतं, त्यामुळे निघण्याआधी वेळा पाहून घ्या. गोल्डन गेट पुलाचा टोल फक्त सॅन फ्रान्सिस्कोकडे येताना लागतो आणि रोख घेत नाहीत. कॅस्केड ड्राइव्हच्या टोकाला गाडी लावायला जागा फार थोडी आहे, आजूबाजूला लोकांची घरं आहेत, म्हणून गावात गाडी लावून चालत जाणं बरं. पाणी भरपूर न्या. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचं पॉयझन ओक नावाचं झुडूप असतं, त्याला हात लागला तर अंगावर पुरळ उठतं. मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि तुमच्या घरच्या सायकलीचं काय?

हल्ली आपल्याकडेही मुलांच्या सायकलींना सर्रास पुढे शॉकअप असतात. ते खरंच नीट आहेत का, हे तुम्ही घरी दोन मिनिटांत पाहू शकता.

पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर हँडलच्या बेअरिंगमध्ये किंवा फोर्कच्या बुशिंगमध्ये ढिलाई आहे. मग हँडलवर भार देऊन दाबा. फोर्क अडकत खाली गेला किंवा वर यायला कां-कूं करू लागला, तर आत गंज किंवा माती आहे. क्राउन, दोन्ही पायांना जोडणारी कमान आणि चाकाचा आस बसतो ती जागा पांढऱ्या कपड्याने पुसा. धागा अडकला तर टॉर्च लावून बघा, आणि शंका असेल तर मुलाला त्या सायकलवर पाठवू नका.

चिखलातून आल्यावर स्टँशन मऊ कपड्याने पुसा. गाड्या धुणाऱ्याकडच्या जोरदार फवाऱ्याचं पाणी सीलवर मारू नका, आणि गंज काढायचा स्प्रेही तिथे नको. स्वस्त सायकलींच्या फोर्कमध्ये बऱ्याचदा नुसती स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो. तरी तीही उघडून पुसून ग्रीस लावता येते. शिकवणारा सायकलवाला तुमच्या गल्लीत असेल तर मुलांना स्टुलावर बसून ते पाहू द्या.

त्या रात्री

सॅन होजेला परतायला संध्याकाळ झाली. मी गॅरेजमध्ये डोकावले तर दिवा चालू. जुना फोर्क भिंतीवर टांगला होता, स्वच्छ, नव्या सीलसकट. त्याच्या माथ्यावर बहिणीने कागदी टेप चिकटवून लिहिलं होतं, ‘चालवू नये’.

काकांनी सायकलचं पुढचं चाक काढून हब उघडला होता आणि छर्रे डब्यात पुसायला घेतले होते. शेजारी बहिणीची स्वतःची, नवी सायकल उलटी ठेवली होती. आजच्या बऱ्याच फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर ५० तास चालवल्यावर करायची असते. हे तिला या आठवड्यात कळलं. हिशेब केला तर तिने दीड वर्षात एकदाही केली नव्हती.

“ताई, बनियन संपले,” ती म्हणाली. “आईकडून जुना टॉवेल आणशील?”

मी मावशीकडे गेले. तिने टॉवेल दिला, आणि जरा थांबून फडताळातली एक जुनी परातही.